कॉस्प्लेची आतली बाजू

मागे आवाज येतोय ना? बरं, मग सुरू करते. हे टेबलावर ठेवलंय ना, तो माझ्या एका कॉस्प्लेचा, म्हणजे एखाद्या पात्रासारख्या केलेल्या वेशाचा, खांदा आहे, म्हणजे चिलखताचा डावा खांदा. मुद्दाम पालथा ठेवलाय. विषय मला दिलाय ॲनिमे कन्व्हेन्शनला, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या चाहत्यांच्या संमेलनाला, कॉस्प्ले करून जाण्याचा, आणि त्याची बाहेरची बाजू तुम्ही फोटोंत भरपूर बघितली असणार, म्हणून मी आतल्या बाजूबद्दल जास्त बोलणार आहे.

आधी थोडं जुनं. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन भरलं, सायन्स फिक्शनच्या चाहत्यांचं संमेलन, तिथे फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले कपडे घालून आले. हा किस्सा सांगताना लोक ॲकरमनचं नाव आधी घेतात, पण दोघांचे कपडे तयार केले होते मर्टलने. म्हणजे बघा, या सगळ्याच्या मुळाशी सुईदोरा घेऊन बसलेली एक बाई आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. जपानमधलं कॉमिकेट, चाहत्यांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा बाजार, १९७५ च्या डिसेंबरात सुरू झालं, ३२ गट आणि साधारण ७०० माणसं, आता तिथे लाखांनी गर्दी होते. ‘कॉस्प्ले’ हा शब्द अजून उशिराचा, १९८३ मध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांनी एका ॲनिमे मासिकात वापरला, कॉस्च्युम आणि प्ले यांना जोडून, कारण वेशभूषेच्या कार्यक्रमाला जो मास्करेड शब्द होता त्याचा जपानी अनुवाद त्यांना फारच जुनाट, खानदानी थाटाचा वाटत होता.

आता कामाचं. ॲनिमेतल्या कपड्यांना वजन नसतं. चित्रकार खांद्यावर एवढं मोठं चिलखत काढतो आणि ते कशाला अडकवलंय हे दाखवायची त्याला गरजच नसते, केस वर उभे राहतात, झगा वाऱ्याशिवाय उडतो, जॅकेट अगदी अंगाबरोबर असतं पण त्याला चेन कुठेच दिसत नाही. मग आपण ती सेत्तेई घेऊन बसतो, म्हणजे स्टुडिओने काढलेली पात्राची समोरून, बाजूने, मागून अशी चित्रं, आणि शोधत राहतो की बाबा हा माणूस या कपड्यात शिरला कुठून? हे शोधणं मला शिवण्याइतकंच आवडतं. खरं तर जास्तच.

हा खांदा ईव्हीए फोमचा, म्हणजे हलक्या रबरासारख्या फोमच्या शीटचा आहे. फोम कापून हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, गरम केला की वाकतो, आणि वरची छिद्रं बंद होऊन पृष्ठभागाला जरा चकाकी येते, ती आली की समजायचं झालं, नाहीतर नंतर रंग नुसता शोषला जातो. जोडायला कॉन्टॅक्ट सिमेंट, ते दोन्ही कडांना लावायचं, आणि बोटाला चिकटणार नाही इतकं सुकू द्यायचं, घाई अजिबात नको, मग कडा एकमेकींना लावायच्या त्या एकदाच. वाकडं बसलं तर सरकवून सरळ करता येत नाही. आणि खिडक्या उघडून, वाफेसाठीचा मास्क लावून काम करा, कापडी मास्कने त्या वाफा थांबत नाहीत, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते आणि सांगत राहणार.

कोणतं पात्र करू, मला शोभेल का, असं खूप जण विचारतात. जे पात्र जिवापाड आवडतं ते करा. उंची, रंग, बांधा, मुलगा की मुलगी, यातलं काहीच आड येऊ देऊ नका. फक्त कॉनच्या, म्हणजे कन्व्हेन्शनच्या, आधी घरी सगळं घालून निदान दोन तास वावरा, खाली बसा, जिना चढा, हात पूर्ण वर करा, बाथरूमला एकट्याने जाता येतंय का तेही बघा, कारण फोटोला एक सेकंद लागतो आणि कॉनमध्ये आठ आठ तास त्याच कपड्यात काढायचे असतात.

कॉनचे नियमही आधी वाचा. प्रॉप, म्हणजे पात्राच्या हातातली तलवार वगैरे, तपासून त्याला टॅग लावतात, खरी धार किंवा धातूचं पातं बहुतेक ठिकाणी चालतच नाही. कॉमिकेटला तर घरून कॉस्प्ले घालून यायचंच नाही, तिथल्या चेंजिंग रूममध्ये बदलायचं. आणि फोटो काढायच्या आधी विचारायचं, विगला किंवा कपड्याला हात लावायच्या आधी तर विचारायचंच. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे असे मोठे बोर्ड लावले, ते लावावे लागले कारण मुलींना फार वाईट अनुभव येत होते. चाहता म्हणून तुम्ही एवढं तरी पाळाच.

तर हा खांदा. एका कॉनमध्ये आर्टिस्ट ॲलीतून, म्हणजे चित्रकारांच्या स्टॉल्समधून, मास्करेडच्या, म्हणजे वेशभूषा स्पर्धेच्या, हॉलकडे निघाले होते आणि वाटेत याचा पट्टा बक्कलपाशी उसवला. खांदा छातीवर लोंबायला लागला, परीक्षण अर्ध्या तासावर, आणि माझ्याकडे नुसत्या सेफ्टी पिना, त्या एवढं वजन धरेनात. भिंतीला टेकून मी रडायच्या बेतात होते तेवढ्यात निळ्या विगमधली एक मुलगी थांबली, मी कोण झालेय हे तिने बरोबर ओळखलं, आणि दुसरं काही न विचारता खाली मांडी घालून बसली. तिच्या डब्यात वाकडी सुई होती, आणि दोरा फक्त हिरवा. काळ्या पट्ट्यावर हिरवा चालेल का, एवढंच तिने विचारलं. दातांनी दोरा तोडला, पट्टा दोनदा ओढून बघितला, आता नाचलीस तरी निघणार नाही म्हणाली, आणि तिच्या ग्रुपचं फोटोशूट सुरू होत होतं म्हणून पळत गेली. नाव विचारायचं राहून गेलं.

परीक्षणाला दोघी होत्या. त्यातल्या एकीने समोरून जेमतेम बघितलं आणि म्हणाली, उलटा करून दाखव. कारागिरी बघणारे परीक्षक असंच करतात, अस्तर बघतात, शिवणीच्या कडा बघतात. तिने त्या हिरव्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, हे तुझे नाहीत ना? बाकीचे टाके वेगळ्या हाताचे आहेत. मी म्हटलं नाहीत, आणि सगळं सांगितलं. ती वहीत काहीतरी लिहीत होती ते थांबवून तिने ऐकून घेतलं.

खांदा आता तुमच्यात फिरवते, पहिल्या रांगेपासून सुरू करा. आतल्या बाजूने बघा, हिरवे टाके डाव्या बक्कलपाशी आहेत, आणि कोपऱ्यातला रंग जरा जपून, तो तेवढा कालच लावलाय.