बिल आल्यानंतरची दोन मिनिटं

नमस्कार श्रोतेहो.

जेवण झालेलं असतं, बडीशेप चघळून झालेली असते आणि बिलाचं ते छोटं फोल्डर टेबलावर येतं. ज्याने पाकीट काढलेलं असतं तो शेजारच्याकडे वाकून हळूच विचारतो, "किती ठेवायचे रे?" शेजारचा म्हणतो, "ठेव की काहीतरी." या 'काहीतरी'वर आज जरा बोलू या.

मी हा प्रसंग दोन्ही बाजूंनी पाहिलाय. शिकत असताना दोन वर्षं संध्याकाळी मी ट्रे उचलायचो. गिऱ्हाईक उठून दाराबाहेर गेलं की आम्ही फोल्डर उघडायचो. निकालाचा कागद उघडताना पोटात जो गोळा येतो, तोच. फक्त हा निकाल रोज रात्री दहा-बारा वेळा लागायचा.

आधी एक कानगोष्ट निकालात काढतो. टिप हा शब्द 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस' या तीन शब्दांची आद्याक्षरं जुळवून झाला, असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगितलं असेल. ते खरं नाही. आद्याक्षरांची ही जुळवाजुळव नंतरची आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चोर-भामट्यांच्या बोलीत 'टिप' म्हणजे 'दे, इकडे सरकव'. त्यापेक्षा शेजारच्या भाषा जास्त मोकळेपणाने बोलतात. फ्रेंचमध्ये 'पुर्ब्वार', जर्मनमध्ये 'ट्रिंकगेल्ड', दोन्हींचा अर्थ प्यायला पैसे. आपणही म्हणतोच की, चहापाण्याला ठेव. आता मराठीत 'चहापाणी' म्हटलं की हॉटेलाआधी सरकारी कचेरी आठवते, ही गोष्ट वेगळी.

तर, किती? हा प्रश्न आपण स्वतःच्या मनाला विचारतो आणि तिथेच फसतो. मन मोठं असलं तर जास्त, लहान असलं तर कमी, असा आपला हिशेब. माझ्या मते आधी दुसरंच काहीतरी विचारायला हवं. या जागी वाढणाऱ्याचा पगार कोण देतंय? मालक देतोय, की तुम्ही?

अमेरिकेचं उदाहरण घ्या, कारण तिथे हे अगदी उघडं आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर. पण ज्याला टिप मिळते अशा कामगाराला मालकाने रोख २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात. उरलेलं टिपमधून भरून निघेल असं कायदाच धरून चालतो. नाही निघालं, तर तेवढी भर मालकाने घालायची. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. म्हणजे तिथे वेटरला टिप देताना तुम्ही बक्षिसी देत नसता. त्याच्या पगाराचा तुमच्या वाट्याचा हप्ता भरत असता. म्हणून टेबलावर बसून जेवलात तर करापूर्वीच्या रकमेवर १५ टक्के ही तिथली खालची पायरी आणि १८ ते २० ही रोजची रीत. तिथे दहा टक्के ठेवून उठलात, तर तुम्हाला वाटतं आपण काहीतरी दिलं. त्याला वाटतं, माझं काय चुकलं?

आता माझ्याच सिद्धांताला भोक पाडतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत ही सवलत मालकाला मिळत नाही. तिथे वेटरला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. मग तिथे टिप कमी असायला हवी ना? नाही. तिथेही तेच १८-२०. एकदा सवय हाडीमाशी खिळली की कारण निघून गेलं तरी सवय राहते. आणि गंमत म्हणजे याच देशाने एके काळी टिपवर बंदी घालून पाहिली होती. १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने टिप बेकायदा ठरवली, मागोमाग आणखी काही राज्यांनी. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे गुंडाळले गेले होते. अलीकडे न्यूयॉर्कचे डॅनी मेयर, मोठं नाव, त्यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टिप काढून टाकायचं ठरवलं. टिप नको, त्याऐवजी मेन्यूवरचे दर वाढवू आणि पगार नीट देऊ, असा सरळ विचार. २०२० मध्ये त्यांना टिप परत आणावी लागली.

फ्रान्समध्ये गाडी उलट्या रुळावर आहे. मेन्यूवर जी किंमत छापली आहे तिच्यातच सेवेचे पैसे धरलेले असावेत, असा तिथला नियम १९८७ पासून आहे. वर चार नाणी ठेवलीत तर ती खुशी. नाही ठेवलीत तर कुणी भुवया उंचावत नाही. जर्मनीत रक्कम वरच्या आकड्याला नेऊन पूर्ण करायची, आणि पैसे देतानाच तोंडाने सांगायचं: "बत्तीस घ्या." टेबलावर गुपचूप नोट ठेवून निघून जाणं तिथे जरा विचित्र दिसतं. जपानात तर टिप द्यायचीच नाही. नोट ठेवून आलात, तर तुम्ही पैसे विसरलात असं समजून मुलगा रस्त्यापर्यंत धावत येतो. त्याला ती परत घ्यायला लावताना तुमचीच तारांबळ उडते.

ब्रिटनची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथे प्रश्न वेगळ्या बाजूने आला. टिप किती द्यायची, हा प्रश्न नव्हताच. दिलेली टिप जाते कुठे, हा होता. किमान वेतन भरून काढायला टिप वापरता येणार नाही, असं तिथे २००९ मध्येच ठरलं होतं. तरी कार्डावर दिलेल्या टिपमधून मालक कात्री लावायचे. मग २०२३ मध्ये कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला: टिप आणि सर्व्हिस चार्ज, दोन्ही कामगारांना पूर्ण द्यायचे आणि वाटणी न्याय्य करायची. लंडनमध्ये बिलावर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज बरेचदा आधीच लावलेला असतो. तो ऐच्छिक म्हणून लिहिलेला असेल तर सेवा बरी नसताना काढायला सांगता येतो. आणि तो दिलात तर वर आणखी टिप द्यायची गरज नाही.

यावरून एक कामाची सवय सांगतो. कुठल्याही गावात, कुठल्याही देशात, पाकीट काढण्याआधी बिल तळापर्यंत वाचा. सर्व्हिस चार्ज, ग्रॅच्युइटी (बिलावर तिचा अर्थ टिपच) असं काही छापलं आहे का बघा. अमेरिकेत सहा-आठ माणसांच्या वर मंडळी गेली की बरीच रेस्टॉरंटं १८ टक्के स्वतःच लावून मोकळी होतात. न वाचता त्याच्यावर पुन्हा वीस टक्के देणारे लोक मी पाहिलेत. आम्ही त्यांना थांबवायचो का? खरं सांगू? कधी थांबवायचो, कधी नाही. थांबवलं नाही, तर त्या रात्री झोप जरा उशिरा लागायची.

आता नेहमीची अडचण. सेवा वाईट झाली तर? इथे मला थोडी वकिली करू द्या. पदार्थ उशिरा आला, खारट झाला, थंड होता: ही बहुतेक वेळा आतल्या भटारखान्याची चूक. वाढणारा पोरगा मध्ये उभा राहून दोन्हीकडून शिव्या खात असतो. तो तुमच्याकडे फिरकलाच नाही, उद्धट बोलला, मागितलेलं विसरला आणि विसरलो असंही म्हणाला नाही, तर ती त्याची. तेव्हा टिप कमी करा, पण मॅनेजरला बोलावून कारणही सांगा. न बोलता शून्य ठेवून उठलात तर त्याचा अर्थ 'तू वाईट वागलास' असा पोहोचत नाही. 'हा माणूस विसरला' किंवा 'हा माणूस कंजूष' एवढाच पोहोचतो. मी सांगतो ना, आम्ही स्वतःला दोष देणारे लोक नव्हतो.

तसंही टिप हे सेवेचं प्रगतिपुस्तक आहे, ही समजूत फार टिकत नाही. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलंय. सेवा किती चांगली होती आणि टिप किती पडली, या दोहोंचा संबंध अगदी फिका निघतो. १९९६ सालच्या एका प्रयोगात वेटरांनी बिलाच्या मागे हसरा चेहरा काढला. वेट्रेसांची टिप वाढली, पुरुष वेटरांची नाही. मी पुरुष. माझा हसरा चेहरा वाया गेला असता.

टिप नेमकी कुणाला जाते हेही पाहायला हवं. तुमच्या टेबलाशी एकच माणूस बोलतो, पण ग्लास भरणारा वेगळा असतो, ताटं उचलणारा वेगळा, बारवरचा वेगळा. बऱ्याच ठिकाणी वेटर रात्री आपल्या टिपमधून या सगळ्यांना वाटा देतो. काही ठिकाणी हा वाटा टिपवर न काढता विक्रीवर काढतात, म्हणजे त्याने किती रुपयांचं किंवा डॉलरचं जेवण वाढलं त्यावर. तिथे तुम्ही काहीच ठेवलं नाही, तरी तुमच्या टेबलाचा वाटा त्याला द्यावाच लागतो. तुमचं जेवण वाढून त्याच्या खिशातून पैसे गेले. अमेरिकेत २०१८ पासून मालक आणि मॅनेजर यांनी कामगारांच्या टिपला हात लावायचा नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. पण कामगारा-कामगारांत वाटणी चालते. शंका असेल तर सरळ विचारा, "कार्डावर दिलं तर तुम्हाला मिळतं ना?" या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही. उत्तर द्यायला तो जरा घुटमळला, तर रोख द्या.

काही छोट्या गोष्टी, पटापट. सवलतीचं कूपन लावलंत, तर टिप मूळ किमतीवर धरा, त्याने वाढलं तेवढंच. टेबल अडवून तीन तास गप्पा मारल्यात, तर थोडी जास्त, कारण त्या वेळात त्याची आणखी दोन बिलं झाली असती. बरोबर लहान मूल होतं आणि टेबलाखाली अर्धं जेवण सांडलंय, तरीही थोडी जास्त. बुफेला कमी, दहा टक्क्यांच्या आसपास. काउंटरवरून पार्सल उचललंत तर मर्जी. आणि आता ते जे यंत्र तुमच्याकडे फिरवतात, पडद्यावर १८, २०, २५ असे ठोकळे, मागे रांग उभी, पलीकडची मुलगी मुद्दाम दुसरीकडे बघतेय: तिथे कॉफीचा एक कप हातात घेताना 'नो टिप' दाबायला अजिबात लाजू नका. तो पडदा तुमची रीत ठरवत नाही.

मित्रमंडळी बिल वाटून घेतात तेव्हा मात्र एकाने लक्ष ठेवा. प्रत्येक जण आपला आकडा थोडा खाली धरतो, आणि शेवटी कमी पडते ती टिपच. एकूण बिलावर आधी टिप चढवा, मग भागाकार करा. हिशेब अवघड नाही. ४८ चं बिल, एक घर दशांश सरकवला की ४ पूर्णांक ८० म्हणजे दहा टक्के, त्याची दुप्पट ९ पूर्णांक ६०. दहा ठेवा आणि उठा.

आणि द्यायची कधी? शेवटी. आत शिरताना चांगलं टेबल मिळावं म्हणून हातात नोट कोंबणं याला टिप म्हणत नाहीत, त्याचं नाव आपल्याला माहीत आहे.

निघताना एक राहिलं. कार्डाने पैसे दिलेत आणि टिप रोख ठेवलीत, तर स्लिपवर टिपची रेघ कोरी सोडू नका. तिथे 'कॅश' लिहा, एकूण रक्कम स्वतःच्या हाताने भरा, सही करा. आणि रोख नोट फोल्डरच्या आत ठेवा, वर नको. बसमध्ये चढायला गर्दी करावी तशी मागची मंडळी तुमच्या टेबलाकडे येत असतात. ती नोट ज्याच्यासाठी ठेवलीत त्याला तिथे पोहोचायला अजून दोन मिनिटं आहेत.

नमस्कार.