टिनवाल्ड: टेकडीवरची संसद

आयरिश समुद्रातलं आइल ऑफ मॅन बेट. तारीख ५ जुलै. सेंट जॉन्स गावात चर्चपासून टेकडीपर्यंतच्या वाटेवर हिरवी लव्हाळी अंथरली आहेत. टेकडी कसली, चार टप्प्यांचा, जेमतेम १२ फूट उंच मातीचा ढीग! पण आज बेटाची अख्खी संसद, टिनवाल्ड, तिथे उघड्यावर भरते.

वर्षभरातल्या नव्या कायद्यांची नावं आणि थोडक्यात सार लोकांसमोर वाचलं जातं, इंग्रजीत आणि मॅन्क्स या बेटाच्या जुन्या भाषेत. हा नुसता देखावा नाही. मंजूर झालेला कायदा १८ महिन्यांत इथे पुकारला गेला नाही, तर तो रद्द होतो. आणि टेकडीच्या पायथ्याशी कोणीही आपलं गाऱ्हाणं लेखी देऊ शकतो. ते नियमात बसलं आणि एखाद्या सदस्याने उचलून धरलं, तर समिती चौकशीला बसते.

हे बेट युनायटेड किंग्डममध्ये मोडत नाही. लंडनच्या संसदेत इथला एकही खासदार नाही. राजा मात्र तोच; इथे तो 'लॉर्ड ऑफ मॅन'. गादीवर राणी असली, तरी तीही लॉर्डच! संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ब्रिटन पाहतं. कर, शाळा, दवाखाने बेटाच्या हातात.

रोजचं कामकाज चालतं राजधानी डग्लसमध्ये. हाउस ऑफ कीज, म्हणजे खालच्या सभागृहाचे २४ सदस्य जनता निवडते. १८६६ पूर्वी तसं नव्हतं. जागा रिकामी झाली की नवी नावं कीजचे सदस्यच सुचवत. पण पुढे बेटाने वेग घेतला. १८८१ मध्ये मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया आणि विधवांना मताचा हक्क मिळाला, आणि २००६ मध्ये सोळा वर्षांच्या मुलामुलींनाही. वरचं सभागृह ११ जणांचं. त्यातले ८ कीजच निवडतं. महिन्यातून एकदा दोन्ही सभागृहं एकत्र बसतात. चर्चा एकत्र, मतं वेगवेगळी.

पक्ष नावापुरते, बहुतेक सदस्य अपक्ष. मुख्यमंत्रीही कीज निवडतं. ऐकायला छान वाटतं. पण खरी गोम इथेच आहे. मंत्री नसलेले बरेच सदस्यही कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्याला जोडलेले असतात. मग सरकारला धारेवर धरायचं कोणी? प्रश्नोत्तरं होतात, समित्याही आहेत. पण समितीत बसणारा बऱ्याचदा दुसऱ्या एखाद्या खात्याचा कारभारही पाहत असतो.