दहा मिनिटांचा श्वास

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी गोव्यात मांडवीकाठच्या जेटीवर पहाटे मासळी घ्यायला गेले होते. अचानक डोळे झोंबले, घशात जणू सुई रुतली. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनियाच्या पाइपाचा सांधा सुटला होता. तिथला एक कामगार डोक्याचं फडकं बादलीत बुडवून तोंडावर धरत ओरडला, "बाये, आदीं वारो पळय!" म्हणजे, बाई, आधी वारा बघ! मला दंडाला धरून त्यानं वाऱ्याच्या आडव्या दिशेनं बाहेर काढलं. सगळं मिळून तीन मिनिटं. पण त्या तीन मिनिटांत नेमकं काय पोटात गेलं, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

याचा हिशेब करणाऱ्या तज्ज्ञांनी अमेरिकेत काही मर्यादा ठरवल्या आहेत. त्या निरोगी कामगारापुरत्या नाहीत. लहान मुलं, म्हातारी माणसं, दमेकरी धरून सगळ्यांसाठी आहेत. प्रत्येक वायूला तीन पायऱ्या: पहिलीवर नुसती झोंब, दुसरीवर कायमची इजा किंवा पळायचीही ताकद न उरणं, तिसरीवर जिवाला धोका. आणि प्रत्येक पायरीला दहा मिनिटांपासून आठ तासांपर्यंतच्या वेळांचे आकडे.

अमोनियाचेच पाहू. हवेच्या दहा लाख भागांत 30 भाग झाले की झोंब सुरू. जिवाचा धोका एका तासासाठी 1100 भागांपासून. मग दहा मिनिटांसाठी, म्हणजे वेळ सहापट कमी, तर सहापट जास्त, 6600 भाग चालतील? नाही! तिथला आकडा 2700 आहे. कारण या हिशेबात आधी तीव्रतेचा, म्हणजे हवेतल्या वायूच्या प्रमाणाचा, वर्ग करतात आणि मग त्याला वेळेनं गुणतात. तीव्रता दुप्पट झाली, तर वेळ निम्मी नव्हे, चौथाई उरते. "दोनच मिनिटं आत जाऊन येतो" म्हणणाऱ्या माणसाची मला भीती वाटते, ती यामुळेच.

जानेवारी 2018 मध्ये गोव्यात वास्कोजवळच्या चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा लोकांना रात्रीच घरं सोडावी लागली. रात्रीची हवा स्तब्ध असते, तिच्यात वायू लवकर विरत नाही. अमोनिया खरा हवेपेक्षा हलका, पण द्रवरूपात गळला की थंडगार धुकं होऊन जमिनीलगत सरपटतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर जास्तच.

ओलं फडकं घेतलं तर थोडा वेळ मिळतो, कारण हा वायू पाण्यात विरघळतो. पण तो मास्क नव्हे. ते बांधून आत शिरू नका. बाहेर पडा आणि 101 किंवा 112 ला कळवा.

आणि एक. बरं वाटलं तरी खोकला, धाप राहिली तर दवाखाना गाठा. फुप्फुसात पाणी साठणं काही तासांनीही सुरू होतं. डॉक्टरांकडे हवेतलं मोजमाप नसतं. वास किती वाजता आला, तुम्ही गळतीपासून किती अंतरावर होता, बाहेर पडायला किती मिनिटं लागली, हे त्यांना तुम्हीच सांगू शकता. तेव्हा त्या गडबडीतही एकदा घड्याळ बघा.