बियाण्याच्या शेंगा

श्रोतेहो, सलाम. रविवारची सकाळ म्हणजे चुलीवरचा रस्सा मंद आचेवर ठेवून उपासनेला पळायची घाई, तेव्हा जास्त वेळ घेत नाही. आज विषय जरा अवघड आहे. प्रार्थना करूनसुद्धा घरातलं माणूस जातं, तेव्हा पाळकानं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूनं, जाऊन काय बोलायचं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, काही बोलायचं नाही. जायचं आणि बसायचं.

हे मला सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, कुणी शिकवलं नाही, निपाणीकडच्या एका आज्जीनं शिकवलं. मी नवाच पाळक होतो, दुसरंच वर्ष. आज्जीचा नातू २२ वर्षांचा, आठ दिवसांच्या तापात गेला. दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी गेलो, तर आज्जी सोप्यात शेंगांचा ढीग घालून बसलेली, बियाण्यासाठी फोडत. मी टेकलो आणि ठरलेलं वाक्य टाकलं, "आज्जी, देवाची इच्छा." तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "एवढ्या गावात देवाला आमचंच घर गावलं व्हय?" मी गप्प. मग बायबलातलं रोमकरांस पत्र वाचायला काढावं म्हणून बॅगेत हात घातला तर म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे, शेंगा फोडा. माणूस गेलं म्हणून मिरग थांबतोय व्हय?"

मग काय, फोडल्या. टोकाला अंगठ्यानं चिमटा दिला की टरफल चटकन उघडतं, पण जोर जास्त झाला की दाण्याच्या दोन फाकी, आणि बियाण्याला दाणा अख्खा लागतो, लाल सालीसकट. तासाभरात माझा अंगठा सोलला. शेजारची लिंगायत अक्का आली, तीही बसली, कुणी काही बोललं नाही. दिवेलागणीला आज्जीच बोलायला लागली, पोराच्या लहानपणाचं, त्याच्या सायकलचं, आणि मग रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा, असं सून म्हणाली.

बायबलातला तो दुःखानं पिचलेला ईयोब, त्याचे मित्र आठवतात ना? ७ दिवस ७ रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं बरोबर होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं. आणि स्तोत्र ८८ बघा, बाकीच्या रडगाण्यांत शेवटी कुठंतरी उजेड येतो, हे अंधारावरच संपतं, तरी बायबलात आहे की. म्हणून परत सांगतो, जायचं आणि बसायचं.

लंडन मिशनचे लोक बेळगावात १८२० साली आले, म्हणजे इथं उपदेश चालू होऊन दोनशे वर्षं उलटली, पण गप्प बसायला आम्ही पाळक अजून शिकलो नाही. आता तर तेवढ्याशा देवळात चार-चार साऊंड बॉक्स लावतात, कीबोर्डवाल्याचा आवाज पार बसस्टँडपर्यंत, शेजारी आजारी माणूस असला तर त्यानं काय करायचं? असो, तो विषय निघाला की आमची पंच कमिटी माझ्यावर चिडते.

तर त्या आज्जीनं पंधरा दिवसांनी हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीतनं शेंगाचटणी पाठवली. बाटली घेऊन आलेल्या पोराबरोबर निरोप होता, "साहेबांनी फोडल्याली निम्मी फुटकी निघाली, पेरायच्या कामाची न्हाईत, म्हणून कुटली."