गळ्यात दीड किलो तूरडाळ

नमस्कार, श्रोतेहो. पाऊस ओसरू लागला की पुण्यातली निम्मी घरं दिवाळीच्या सहलीचे बेत आखायला बसतात. त्याच सुमारास माझा फोन वाजू लागतो. ‘प्रवासाला न्यायला कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?’ मी विचारतो, ‘घरात तूरडाळ आहे?’

थट्टा नाही. दीड किलो डाळ पिशवीत भरा, पिशवी गळ्यात अडकवा आणि आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढा. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, सोबत आलेली लेन्स, एक लांबचा झूम आणि चार्जर यांचं वजन साधारण तेवढंच भरतं. पुणे दरवाजाला पोचेपर्यंत मान कुरकुरली नाही तर खुशाल मोठा कॅमेरा घ्या.

मी ही परीक्षा न देताच खरेदी केली होती. हंपीला तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची बॅग लॉजवरच राहिली, आणि पन्नासच्या नोटेवरचा तो दगडी रथ मी मोबाइलवर टिपला. घरच्यांनी ते अजून विसरू दिलेलं नाही.

तसं हे दुखणं जुनंच आहे. ऑस्कर बार्नाक नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला दम्याचा त्रास होता आणि डोंगर भटकायची हौसही होती. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा त्याला झेपेना. म्हणून त्यानं सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा लहानसा कॅमेरा बनवला. तोच पुढे १९२५ मध्ये ‘लायका’ म्हणून बाजारात आला. त्या फिल्मवरची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. आज दुकानदार ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतो, ते हेच माप. हलकं म्हणून जन्मलेलं माप आज जड कॅमेऱ्यांत जाऊन बसलंय!

खिशात मावणाऱ्या चांगल्या कॅमेऱ्यांत ‘एक इंची’ सेन्सर असतो; सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी बसून प्रकाश टिपणारा तुकडा. पट्टी घेऊन मोजायला जाऊ नका, त्याची एकही बाजू इंचभर नाही. तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, ते नाव टीव्ही कॅमेऱ्यांच्या जुन्या नळ्यांवरून चिकटलं. क्षेत्रफळात फुल फ्रेम त्याच्या सातपटीहून मोठी. अंगण मोठं तर पाऊस जास्त साठतो, तसा मोठ्या सेन्सरवर प्रकाश जास्त जमतो. पण मोठ्या सेन्सरला लेन्सही मोठी लागते, आणि डाळ वाढत जाते. या दोन्हींच्या मधल्या मापाच्या, ‘एपीएस-सी’ सेन्सरचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा बहुतेकांना पुरतो, असं माझं मत.

मात्र दुकानात जाण्याआधी मोबाइलमधले मागच्या दोन सहलींचे फोटो उघडून बसा, आणि कुठले बिघडलेत तेवढंच बघा. भिगवणला रोहित पक्षी बघायला गेला होता आणि फोटोत गुलाबी ठिपके आले? मग तुम्हाला लांबचा झूम हवा, तिथे मोबाइलचं काही चालत नाही. कासच्या पठारावरची सीतेची आसवं मात्र मोबाइलवर छान आली असतील. इवल्या फुलाच्या जवळ जायला लहान सेन्सर सोयीचा पडतो. त्यासाठी पैसे घालवू नका.

कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी काळपट आल्या? तर उणीव प्रकाशाची. तिथे स्टँड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणजे सारी भिस्त हातावर. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८ ते ५५ मिलिमीटरच्या झूम लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र फार तर एफ ३.५पर्यंत उघडतं, आणि झूम करत नेलं की ५.६वर येतं. एफ १.८ची साधी, झूम नसलेली लेन्स ३.५च्या जवळपास चौपट प्रकाश आत घेते, आणि वजनाला बहुधा हलकी असते. हा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. हिशोब उलटा आहे खरा, पण सवय होते. ‘स्टॅबिलायझेशन आहे ना,’ असं विक्रेता म्हणेल. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं. खांब स्थिर असतो, त्याचा फोटो नीट येतो. पण संध्याकाळच्या उजेडात पालखीपुढे फुगडी घालणाऱ्या बायका त्यानं थांबत नाहीत, त्यांना मोठं छिद्रच लागतं.

मेगापिक्सेलबद्दल, म्हणजे फोटोत किती दशलक्ष ठिपके मावतात त्याबद्दल, विचारू नका. भिंतीवर लावायच्या फोटोला २४ भरपूर झाले.

दुकानात स्वतःचं मेमरी कार्ड न्या. दारात उभं राहून समोरच्या रस्त्याचे पाच-पंचवीस फोटो काढा आणि घरी मोठ्या पडद्यावर बघा. विमानानं जाणार असाल तर जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात त्या चालत नाहीत.

आणि एक पुणेरी पावसाळ्याची गोष्ट. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं. माझ्या एका लेन्सच्या आत बुरशीनं कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी काढली, ती साफ करून घ्यायला बरेच पैसे मोजले. आता कॅमेरा हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डबा पूर्वी तूरडाळीचाच होता. डाळ सिंहगडावरून उतरल्यावर आमटीत गेली.

नमस्कार.