झोपलेल्या रकूनचे केस उपटणारा पक्षी

ओकच्या बेचक्यात निवांत झोपलेला हा उत्तर अमेरिकेतला केसाळ प्राणी म्हणजे रकून. त्याच्या पाठीवर आत्ताच उतरलाय तो तुरेवाला टिटमाउस, वजन जेमतेम 20-22 ग्रॅम. आता चोचीकडे लक्ष ठेवा. केस धरला, मान मागे घेतली, हिसका दिला. पुन्हा एक. पुन्हा एक. चोचीच्या दोन्ही बाजूंना झुपकेदार मिशा फुटल्यात, तरी काम सुरूच!

रकून पक्ष्यांची अंडी खातो, पिल्लंही खातो. अशा प्राण्याच्या अंगावर बसायचं म्हणजे जिवाशी खेळ. तो खेळ घरट्यासाठी चाललाय. पानं, शेवाळ आणि सालीचे तुकडे रचून झाले, की अगदी आतल्या बाजूला मऊ, उबदार अस्तर लागतं. घरट्याचं काम बहुतांशी मादी करते, तेव्हा ही मादीच असावी. कुत्रा, खार, ओपोसम (पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा प्राणी), कोणाचेही केस तिला चालतात. माणसाचेसुद्धा! पक्षीवेड्या मंडळींनी असे कितीतरी व्हिडिओ टिपले होते. शास्त्रीय लेखांत मात्र त्याच्या मोजक्याच नोंदी होत्या. इलिनॉयमधल्या संशोधकांनी 2021 मध्ये या केसचोरीवर स्वतंत्र लेख लिहिला, त्यात या हौशी चित्रणांचा मोठा आधार होता.

अमेरिकेच्या पूर्वेकडची पानझडी जंगलं हे टिटमाउसचं घर. राखाडी पाठ, पांढुरकं पोट, कुशीला तांबूस छटा, कपाळावर काळा ठिपका आणि डोक्यावर टोकदार तुरा. न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणातही तो हमखास दिसतो. थंडी सरायच्या आतच त्याची स्वच्छ शीळ सुरू होते: पीटर-पीटर-पीटर.

पक्ष्यांसाठी दाणे ठेवलेल्या फीडरवर तो बसून खात नाही. सूर्यफुलाचं एक बी उचलतो आणि उडतो. फांदीवर बी पायांत धरून चोचीने ठोकतो, टरफल काढतो. हिवाळा जवळ आला, की तेच दाणे सालीच्या फटींत लपवतो, बहुतेकदा फीडरपासून 40 मीटरच्या आतच. कारण हा स्थलांतर करत नाही. बर्फातही इथेच राहतो, चिकडी, नटहॅच यांसारखे लहान पक्षी आणि छोटे सुतारपक्षी यांच्याबरोबर थवा करून फिरतो. ससाणा दिसला, की धोक्याचा इशारा देण्यात टिटमाउस पुढे असतो.

शंभर वर्षांपूर्वी न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या राज्यांत, हा पक्षी विरळाच होता. आता तो पार उत्तरेच्या मेन राज्यापर्यंत घरटी करतो. सौम्य झालेले हिवाळे, पडीक शेतांवर पुन्हा वाढलेलं रान आणि घरोघरचे फीडर, या सगळ्याचा त्यात वाटा आहे. पण दाणे घातले म्हणजे झालं, असं मुळीच नाही. स्वतः ढोली कोरण्याइतकी याची चोच दणकट नसते. सुतारपक्ष्याने सोडलेलं भोक किंवा कुजलेल्या फांदीतली पोकळी, यावरच त्याचं सगळं अवलंबून. अंगण नीटनेटकं दिसावं म्हणून वाळलेली झाडं सर्रास तोडली जातात, तेव्हा याचं घरच जातं. कोणाच्या अंगावर पडण्याचा धोका नसेल, तर असं झाड उभं राहू द्यावं.

केस नेणाऱ्या त्या मादीच्या ढोलीत आता पाच-सहा अंडी आहेत. मादी साधारण दोन आठवडे ती उबवेल, नर तिला भरवत राहील. पिल्लं उडायला लागली तरी लगेच पांगत नाहीत. काही तर पहिला हिवाळा आईबापांबरोबरच काढतात, आणि पुढच्या वसंतात एखादं थोरलं भावंड नव्या पिल्लांना भरवायलाही येतं.