मानशीचं दार

(ओहोटी. लाकडी दाराची करकर.)

बघा, या मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेच्या, दाराला कोणी हात लावलेला नाही. मांडवीचं पाणी उतरलं, आतलं चढं राहिलं आणि त्याच्या रेट्यानं दार उघडलं. सहा तासांनी भरतीचं पाणीच ते दाबून बंद करील.

ही गोव्याची खाजन शेती. भरतीच्या पातळीखालची ही जमीन गावकऱ्यांनी चिखल, पेंढा आणि दगडांचे बांध घालून राखली. १५२६ साली पोर्तुगीजांनी गावकरीचे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे, रिवाज लिहून काढले, तेव्हाही गावकरी जुनीच होती.

जूनचा पाऊस मातीतलं मीठ धुऊन नेतो, उरलेलं मीठ कोरगुट नावाचं भाताचं वाण सोसतं. कापणी झाली की मानशीतून बेतानं खारं पाणी आत घ्यायचं. त्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात, शेवटे येतात, काळुंदर येतात. या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. भाताचं रक्षण मासळीच्या जिवावर! मला या शेतीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

मानस राखणारा तिथी बघायचा. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे भरतीचा जोर कमी. कुर्ल्यांनी बांध कुठं पोखरलाय, पोंयीत, म्हणजे बांधाआतल्या खोलगट तळ्यात, पाणी किती, रोप केवढं झालंय, हे सगळं त्याच एका डोक्यात.

आज भाताचं खातं वेगळं, मासळीचं वेगळं, खारफुटी वनखात्याकडे. माणसं अभ्यासू आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. कोळंबीचा जाणकार म्हणतो, खारं पाणी जास्त दिवस ठेवा. कोळंबीपुरतं ते खरंच आहे. पण बांध आतून भिजून सैल होतो, एका उधाणाला फुटतो आणि शेतात खारफुटी रुजते. बांधाबाहेर हीच खारफुटी लाटांचा मार झेलते, म्हणून तिला कायद्याचं संरक्षण हवंच. शेतात वाढली की मात्र ते शेत परत मिळवणं फार कठीण.

(मे महिना. भरती चढते आहे.)

दाराची खालची फळी कुजली आहे. अंगठ्याएवढी फट. गावातल्या एका आजोबांनी तिथं चिखल आणि पेंढा दाबून बसवला. हात धुताना पोंयीतलं पाणी जिभेला लावून पाहिलं आणि नातवाला म्हणाले, "बाबू, यंदा घाई करू नको. दोन-चार मोठे पाऊस पडू देत, मग कोरगुट टाक."